चौथ्या रचनेपासून

जारोतला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा एक पाय त्याच्या केंदांग ढोलाच्या अलीकडे होता आणि दुसरा पलीकडे.

रविवारची दुपार होती. मालिओबोरो रस्त्याच्या दक्षिण टोकाला, चिंचेच्या सावलीत, पाक मार्सुदींचा नऊ जणांचा ताफा चटया अंथरून गामेलान, म्हणजे आमचा घंटा-ढोलांचा वाद्यमेळ, वाजवत बसला होता. मी चपला कडेला काढून, कॅमेऱ्याला डोळा लावून, गाँगवाल्या म्हाताऱ्याचा उचललेला हात चौकटीत बसवायला मागे मागे सरकत होते. आणखी थोडं मागे... आणखी जरासं... आणि माझ्या पोटरीला काहीतरी गार, गोल लाकूड लागलं.

मी वाद्य ओलांडत होते! वाद्यावरून पाय टाकायचा नाही, हे आमच्या जोग्जा शहरात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. चार वर्षांची असताना याच कारणासाठी इबूने, माझ्या आईने, माझ्या पाठीत धपाटा घातला होता. आणि आता सव्वीस वर्षांची घोडी, गळ्यात महोत्सवाच्या फोटोवालीचं ओळखपत्र लटकवून, भर रस्त्यात तेच करत होती.

"म्बाक, ताई," खालून आवाज आला, "जायचं की यायचं, एकदा ठरवा."

मी खाली पाहिलं. ढोलामागे एक तरुण मांडी घालून बसला होता. बाटिकच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर घाम, आणि ओठांच्या कोपऱ्यात कसंबसं दाबलेलं हसू.

"माफ करा... माझं लक्षच... मी मुद्दाम नाही..."

"माफीने काय होतंय? आता एकच उपाय." त्याने चेहरा गंभीर केला. "उलटं ओलांडून परत जा. म्हणजे फिट्टंफाट."

आणि मी... काय सांगू तुम्हाला... मी खरंच पाय उचलला!

"अगं ए पोरी!" पाक मार्सुदी ओरडले. त्या तरुणाने ढोल झटकन उचलून छातीशी धरला. "अहो, गंमत केली मी! गंमत!" अख्खा ताफा हसायला लागला. मी चपला हातात घेऊन कडेला जाऊन उभी राहिले. माझे कान इतके तापले होते की त्यावर कुणी चहा ठेवला असता.

पुढची रचना सुरू झाली आणि तिसऱ्या आवर्तनात त्याचा हात चुकला.

गामेलानमध्ये सगळ्यांचे कान केंदांगकडे असतात. तो पळाला की सगळे पळतात, तो अडखळला की सगळ्यांची त्रेधा. इथेही निम्मे पुढे गेले, निम्मे मागे राहिले, गाँग भलत्याच जागी वाजला. पाक मार्सुदींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच मनाशी पक्कं केलं, की हे माझ्यामुळे झालं.

काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे. घराबाहेर पडताना मी कॅमेऱ्याची बॅटरी चार वेळा बघते आणि बसमध्ये बसल्यावर पाचव्यांदा. त्या पंधरवड्यात तर काळजीला रीतसर कारणही होतं. महोत्सवाच्या कचेरीतल्या बू रेत्नोंनी मला बजावलं होतं, "प्रत्येक ताफ्यातल्या प्रत्येक वादकाचा एकेक फोटो भिंतीवर लागणार. वाजवतानाचाच हवा, तोंड वेंगाडून उभं राहिलेला नको." रस्त्यावर हवे तेवढे काढा. सभागृहात मात्र नेहमीचा नियम, फ्लॅश नाही, आणि पहिल्या तीन रचना झाल्या की सगळ्या फोटोवाल्यांनी बाहेर.

त्या रात्री मी फोटो मोठे करून पाहिले. आठ जण झकास आले होते. नववा, म्हणजे तो, प्रत्येक फोटोत खाली मान घालून बसलेला. एकात तर नुसता कान होता.

गुरुवारी संध्याकाळी गाँगला फुलं वाहतात. मीही माफी मागायला गुलाबपाकळ्या आणि चाफ्याच्या कळ्या केळीच्या द्रोणात घेऊन कोतागदे भागातल्या एका बोळातून पाक मार्सुदींच्या सरावाच्या पडवीत पोचले. तो एकटाच होता, ढोलाच्या वाद्या ओढून ताणत बसलेला.

"आलात? मला वाटलं, घाबरून पार सोलो शहराला पळालात."

"थट्टा नको. फुलं कुठे वाहायची?"

"गाँगला. पण ओलांडलंत तर मला!"

"तुम्हाला नाही, तुमच्या वाद्याला."

"एकच आहे ते." त्याने हात पुढे केला. "नाव जारोत. दंड म्हणून एक कळी द्या."

मी दिली. त्याने ती कानामागे खोचली आणि पुन्हा वाद्या ओढायला लागला, जणू कानामागे फूल घालून बसणं ही रोजचीच गोष्ट. मी मात्र गाँगपुढे हात जोडून उभी असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या कानाकडेच बघत होते. देवाधर्माच्या वेळी हे बरं नाही, हेही कळत होतं.

मग बाकीचे आले. पाक मार्सुदी म्हणाले, "झालं, न्दुक, पोरी. गाँगने मनावर घेतलेलं नाही. त्याने याहून मोठे अपराध पोटात घातलेत." माझं मन जरा हलकं झालं. सराव सुरू झाला. मी दाराशी बसून हळूच कॅमेरा उचलला, एक डोळा मिटला...

आणि त्याचा हात चुकला.

पाक मार्सुदींनी आपल्या तंतुवाद्याचा गज खाली ठेवला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते अगदी सावकाश बोलले. "ले, पोरा, आठ वर्षं तू मागच्या ओळीत बसून एक लहानशी घंटा वाजवलीस. हू की चू केलं नाहीस, म्हणून यंदा केंदांग तुझ्या मांडीवर दिलं. सभागृहात असं झालं तर केंदांग हार्जो घेईल. आणि एकदा उठलास, की पुन्हा कधी बसशील हे मला सांगता येणार नाही."

जारोत मान खाली घालून "हो, पाक" म्हणाला. हार्जो पलीकडे आपल्या वाद्याच्या पितळी पट्ट्या पुसत होता, त्याने वर पाहिलंच नाही. मी कॅमेरा पिशवीत घातला.  आठ वर्षांची वाट, आणि माझ्या एका पायाने ती धुळीला मिळणार होती.

त्यानंतर तो भेटत राहिला. म्हणजे मीच जात राहिले, फोटोचं कारण होतंच. नदीकाठच्या आंगक्रिंगानच्या गाड्यावर, ताडपत्रीखाली, आल्याचा चहा आणि सोयाबीनचं तळलेलं तेंपे. वरून पाऊस ताडपत्रीवर वाजायचा आणि त्याची बोटं नकळत बाकड्यावर त्याला ठेका द्यायची. तिथे एकही ठोका चुकायचा नाही. तो म्हणाला, "आता हे अहो-जाहो पुरे, पाठ अवघडते माझी." मग आम्ही अरे-तुरेवर आलो.

"तुझा हात का चुकतो रे?" एकदा मी धीर करून विचारलंच.

त्याने पेल्यात पाहिलं. "उकाडा."

"काल तर पाऊस होता."

"मग... गारठा."

"खरं सांग."

"तेंपे गार होतंय, खा." आणि स्वतःच्या पानातला कुरकुरीत तुकडा माझ्या पानात टाकून तो उगाच लांब नदीकडे बघत बसला. मला तो आवडायला लागला होता. लागला होता कसलं, पुरता आवडला होता. आणि जितका जास्त आवडत होता, तितकी माझी झोप कमी होत होती. कारण कॅमेरा उचलला की त्याची मान खाली जायची आणि हात चुकायचा. दर वेळी! फुलं वाहून झाली, माफी मागून झाली, तरी वाद्य रुसलेलंच होतं.

दुसऱ्या रविवारी बू रेत्नोंनी मला बांतुलला दुसऱ्या ताफ्याकडे पाठवलं. सोमवारी पाक मार्सुदी प्रवेशपत्रं न्यायला कचेरीत आले ते हसतच.

"काल काय वाजवलं पोराने! नुसतं पाणी वाहत होतं. तू हवी होतीस, न्दुक."

मी हसले. हसल्यासारखं केलं. ते गेल्यावर खुर्चीत बसून राहिले. मी होते तेव्हा चुकला, मी नव्हते तेव्हा वाहिला. आणखी काय पुरावा हवा होता? दोष त्या ओलांडण्यातही नव्हता, माझ्यातच होता. मी अपशकुनी होते.

मी बू रेत्नोंकडे गेले. "पाक मार्सुदींच्या ताफ्याला दुसऱ्या कुणाला पाठवता का?"

"तेवीस ताफे, दोन फोटोवाले. दुसरा कुणी म्हणजे मी येऊ का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि त्यांच्यातल्या एकाचा फोटो अजून नाही आलेला."

तीन दिवस जारोतचे निरोप येत राहिले. "चहा?" मग, "रागावलीस?" मग, "केंदांगने विचारलंय, ती ओलांडणारी बाई कुठे आहे?" मी एकालाही उत्तर दिलं नाही. फोन उशीखाली ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. इबू म्हणाली, "त्याला अंडं समजून उबवतेस का?"

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सभागृहाचा पडदा उघडला. मी मोजे घालून रंगमंचाच्या कडेशी गुडघ्यांवर बसले होते. लांब राहायचं, लांबूनच काढायचं, कॅमेऱ्याचा आवाजही होऊ द्यायचा नाही, असं दिवसभर घोकलं होतं. मी केंदांगकडे पाहिलं.

तिथे हार्जो बसला होता.

जारोत मागच्या ओळीतही नव्हता. रंगमंचावरच नव्हता. पहिली रचना झाली, दुसरी झाली. मी बटण दाबत होते, पण काय दाबत होते देव जाणे. झालं ते झालं. आठ वर्षांनी मिळालेली जागा गेली, आणि ती मी घालवली. तिसरी रचना संपली तसा रखवालदाराने खांद्याला हात लावला, "म्बाक, चला." मी उठले. बाजूच्या दाराबाहेर, रचलेल्या खुर्च्यांमागे, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी उभी राहून मी रडायला लागले. तीन घोट पाणी प्यायले, पुन्हा रडले.

आत चौथी रचना सुरू झाली.

पहिल्या दोन ठोक्यांतच मी मान वर केली. हा हार्जोचा हात नव्हता. ताडपत्रीखालच्या बाकड्यावर मी हाच हात ऐकला होता! दाराला कान लावला. केंदांग पुढे आणि सगळा ताफा त्याच्यामागे, कुठे घाई नाही, कुठे अडखळ नाही. पाचवी, सहावी, सातवी. मला आत जाता येत नव्हतं. लाकडी दारावर तळवा टेकून मी शेवटपर्यंत ऐकलं. आनंदही होत होता आणि काही केल्या अर्थ लागत नव्हता.

टाळ्या थांबल्यावर तो बाजूच्या दारानेच बाहेर आला, जणू मी कुठे असेन हे त्याला माहीत होतं.

"रडतेस कशाला?"

"तुझी जागा गेली असं वाटलं... माझ्यामुळे."

"गेली नाही. पहिल्या तीन रचना मीच हार्जोला दिल्या. पाक मार्सुदींच्या हातापाया पडून."

"तीनच का?"

तो माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तीन झाल्या की तुम्हाला बाहेर काढतात म्हणून."

मी अपशकुनी, हे मला ठाऊक होतंच. आता ते त्याच्या तोंडून ऐकत होते. "इतकी नकोशी झाले मी?"

"नकोशी?" त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "वेनिंग, तुझ्या ओलांडण्याने काही झालं नाही गं! तू परत उलटं ओलांडायला निघालीस ना... खरंच निघालीस!... तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू समोर येऊन बसतेस. एक डोळा मिटतेस, खालचा ओठ दाताखाली धरतेस. आणि मी मोजत असतो ते विसरतो. केंदांगवाला मोजणं विसरला तर काय होतं, ते तू ऐकलंयस."

"मला वाटलं, वाद्य रुसलंय."

"रुसलंय? अकरा दिवस ते मला हसतंय!"

 मी पिंपाची ठिबकणारी तोटी घट्ट बंद केली. "मलाही तू आवडतोस," मी म्हणाले, "फार आवडतोस. आणि मला भयंकर भीती वाटतेय."

"मला पण," तो म्हणाला. आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसायला लागलो. पण हसता हसता त्याचा चेहरा उतरला. "पाक म्हणालेत, हे एकदाच. रविवारी समारोप आहे. पहिल्या रचनेपासून बस, नाहीतर ऊठ."

"मग रविवारी मी येत नाही. आजारी पडते. बू रेत्नोंना सांगते, ताप आलाय..."

"आणि पुढच्या रविवारी? पुढच्या वर्षी? जन्मभर मी चौथ्या रचनेपासूनच वाजवायचं का?"

जन्मभर! शब्द त्याच्या तोंडून निघून गेला. त्याचे कान लाल झाले. माझे तर केव्हाच झाले होते.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"समोर बस. आजपर्यंत लपून वाजवलं, आता सवय करतो."

शुक्रवारी आणि शनिवारी, सकाळच्या उन्हात, मी पडवीत त्याच्यासमोर बसले. कॅमेरा मांडीवर, मिटलेला. मी बघायचं आणि त्याने वाजवायचं, एवढंच. पहिल्या सकाळी तो सोळा वेळा चुकला. मी बोटांवर मोजत होते. "नजर कमी कर जरा," तो म्हणायचा. "नजर कशी कमी करतात?" "अर्धीच बघ." मी एक डोळा मिटायची आणि तो हातच टेकायचा. "तो नको! तोच तर घात करतो!" पाक मार्सुदी दोनदा उगाच खोकत आतबाहेर गेले. शनिवारी दुपारपर्यंत चुका पाचवर आल्या. पाच म्हणजे काही थोड्या नव्हेत, सभागृहात एकही पुरली असती.

रविवारचा समारोप आला. बॅटरी मी अकरा वेळा तपासली. रंगमंचाच्या कडेशी बसले तेव्हा हार्जो आपल्या पितळी पट्ट्यांमागे बसला होता आणि केंदांगमागे जारोत. पाक मार्सुदींनी मान हलवली. सभागृह शांत झालं. जारोतचा तळवा कातड्यावर उचललेला होता, आणि तो तसाच राहिला. एक श्वास... दोन श्वास... मागच्या ओळीत कुणीतरी चुळबुळलं. वाजव, मी मनात म्हणत होते, वाजव रे, मी जाते हवं तर, मी आत्ता उठून जाते...

त्याने मान वर केली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, वाजवायला बसलेला असताना, त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या वरून पाहिलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

हात खाली आला.

पहिली रचना. दुसरी. दुसऱ्याच्या शेवटी लय दुप्पट होते, तिथे मी ओठ दाताखाली धरणार होते, तो हाताने सोडवून घेतला. जारोत हसला. हसत हसत त्याने लय उचलली आणि सगळा ताफा त्याच्याबरोबर निघाला. तिसरी. एकही ठोका इकडचा तिकडे झाला नाही. पाक मार्सुदींनी डोळे मिटून घेतले होते, आणि ते डोळे कधी मिटतात हे सगळ्या कोतागदेला माहीत आहे. रखवालदार आला तेव्हा मी स्वतःहून उठले.

खुर्च्यांमागे उभी राहून मी कॅमेऱ्यात पाहिलं. पहिला फोटो, तपकिरी धूर. दुसरा, धूर. मी भराभर पुढे गेले. सत्त्याऐंशी फोटो होते.

कार्यक्रम संपल्यावर तो घामाने भिजलेला, धावतच बाहेर आला. "जागा माझीच! पाक म्हणाले, आता ते मला उठवायला आले तर मीच त्यांना उठवावं! बघू, बघू, आज तरी तोंड आलं का माझं?"

मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने एक पाहिला, दुसरा पाहिला. भुवया वर गेल्या.

"हा कोण?"

"तू."

"आणि हा?"

"तूच."

"सगळे असेच?"

"तू सरळ बघत होतास ना माझ्याकडे... माझा हात थरथरत होता." मला रडू येत होतं की हसू, तेच कळत नव्हतं. "एकही फोटो नाही, जारोत. बू रेत्नो मला फाडून खातील."

 त्याने कॅमेरा जपून खुर्चीवर ठेवला आणि माझा थरथरता हात दोन्ही तळव्यांत धरला. त्याचे तळवे अजून वाजवून तापलेले होते.

"मग आता तुझी पाळी," तो म्हणाला. "रोज समोर बसायचं. तुझा हात थांबेपर्यंत."

"आणि नाहीच थांबला तर?"

"तर काय," तो म्हणाला, "बसून राहायचं."